चौदा मिनिटं आणि एकतीस मिनिटं

दादा,

तू येईपर्यंत मी निघालेली असेन. आई गेल्यापासून बंद असलेली तिची खोली आज आवरून टाकली. चष्म्याचं काय करायचं ते सुचेना, तो टेबलावरच ठेवलाय.

तू म्हणालास, डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्हींत एकाच नावाचा प्रोसेसर आहे, कुठलाही घे. तसं नसतं रे. मी दोन्हींवर एकच व्हिडिओ नव्याने सेव्ह करायला लावला. हाताशी मोठी फाइल आईच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाचीच होती. डेस्कटॉपने चौदा मिनिटांत काम उरकलं. लॅपटॉप आधी बरोबरीने धावला, मग तापला आणि ढेपाळला. पंखा नुसता बोंबलत होता. एकतीस मिनिटं लागली. तो मंदावला तसं सेव्ह होताना पडद्यावर दिसणारं चित्रही मंदावलं. तेव्हा नेमकी आई भाषण संपवून खुर्चीकडे वळत होती. ती बराच वेळ वळतच राहिली.

तुझं एडिटिंगचं काम आहे, डेस्कटॉप तू ठेव. आतली धूळ मी काढली आहे.

लॅपटॉप मी नेते. दुरुस्त करून देतो म्हणून मागे लागू नकोस. मला तो तसाच हवाय.

धाकटी