कुरड्यांचा गहू आणि दमयंतीचा पाय

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी चहाच्या वेळी शेरूने दमयंतीला धरलं. शेरू म्हणजे पलीकडच्या बंडूभाऊंचा कुत्रा, दमयंती म्हणजे आमची मांजर. नाव मी मोठ्या हौसेने ठेवलं होतं. घरात कुणी ते घेत नाही, दमी म्हणतात. मधल्या भिंतीवर बसून शेरूच्या नाकासमोर शेपटी लोंबती सोडायची, हा तिचा रोजचा कार्यक्रम. आज अंतराचा अंदाज चुकला.

मी धावलो. कुत्र्याच्या तोंडातून मांजर सोडवली. सोडवलेल्या मांजरीने माझा अंगठा फोडला. कृतज्ञतेचा हा प्रकार पाठशाळेत शिकवलेल्या कुठल्याच अलंकारात बसत नाही.

जनावरांचे डॉक्टर बैलाच्या मापाचे. आयुष्य म्हशींत गेलेलं, दमीला हातात घेताना घामाघूम झाले. मागच्या पायाला टाके. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर. दमी आता कर्ण्यात बसून जगाकडे बघते. जाताना डॉक्टर म्हणाले, "पाय राहील. टेकवते का नाही ते तिच्यावर."

पण मोठी जखम भिंतीपाशी झाली. शोभावहिनी, म्हणजे बंडूभाऊंच्या सौभाग्यवती, धावत आल्या. शेरूला दोन रपाटे घातले. आमची सौ. रडताना दिसली, म्हणून समजूत घालायला म्हणाल्या, "जाऊ दे ना माय, मांजरच तं आहे."

सौ.चं रडणं जागच्या जागी थांबलं. "तुमचं कुत्रं तुमच्यावरच गेलं आहे. आधी फाडते, मग समजूत काढते."

दोन्ही दारं आपटली. भिंत तशी कमरेएवढीच आहे. आज तिची उंची वाढल्यासारखी वाटली.

१८ एप्रिल, शुक्र.

सरकारी दवाखाना. रेबीजची सुई. नोंद करणाऱ्या बाई:

"काय चावलं?"

मांजर.

"घरची?"

घरची.

"मंग काऊन चावली?"

कुत्रा चावला म्हणून.

"तुम्हाले?"

नाही. मांजरीला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मागची रांग पुढे झुकली. पहिल्यापासून सांगावं लागलं. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे याईनं कोणाले चावलं?" तेवढंच राहिलं होतं. सुई दंडात. उरलेल्या ठरल्या दिवशी.

परतताना बंडूभाऊ कोपऱ्यावर. अडतीत बसतात, त्यामुळे प्रत्येक प्रश्न भाव विचारल्यासारखा. "का हो पंडित, पोटात चौदा?" आता दंडात देतात म्हटल्यावर जरा निराश झाले. मग खालच्या आवाजात, "शेरूले साऱ्या सुया देल्या आहेत बरं. कार्ड आहे. तुमच्या घरात हवा कशी?"

"कोरडी."

"आमच्या इकडं बी."

घरी आल्यावर सौ.ची मागणी, "पेपरात छापा." मी एका जिल्हा दैनिकाचा इथला वार्ताहर. मोकाट कुत्र्यांवर दर उन्हाळ्यात लिहितो, आणि कुत्रे दर उन्हाळ्यात तसेच मोकाट राहतात. म्हटलं, पाळलेल्या कुत्र्याने पाळलेली मांजर धरली ही बातमी नव्हे, हा शेजार. सौ.चं माहेर संग्रामपूरकडचं. एरवी बोलते माझ्यासारखी, रागावली की थेट माहेरी पोचते. "मले कोणी समजावू नका" एवढं म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. भाजी फार बारीक चिरली गेली.

संध्याकाळ अवघड गेली. लेक पुण्याला गेल्यापासून सौ. दिवसातून एकदा खळखळून हसते, ती दिवेलागणीला, भिंतीशी, वहिनींबरोबर. कशाला हसतात ते मला कधी कळलं नाही. मी जवळ गेलो की थांबतात, त्यावरून अंदाज आहे. आज भिंतीशी कुणी नाही. घरात एकच आवाज, दमीची कॉलर चौकटीला आपटल्याचा.

दोघींनी असंच चालवलं तर? या वयात नवी मैत्रीण कुठून मिळणार?

१९ एप्रिल, शनि.

गहू!

विसरलोच होतो सगळे. कुरड्यांचा गहू बुधवारीच भिजत घातलेला. दोन्ही घरचा एकत्र, दरसालप्रमाणे. व्यवस्था अशी की मोठा गंज वहिनींचा, गहू त्यात, त्यांच्या घरी. गच्ची आमची, त्यांच्याकडे पत्रे. सोऱ्या सौ.च्या माहेरचा, पितळी, जड. एकीच्या सामानात दुसरीशिवाय एकही कुरडई पडत नाही. ही घडी कुणी बसवली ते माहीत नाही, पण तहाची कलमं याहून पक्की करता येणार नाहीत.

आणि गहू थांबत नाही. आज वाटून चीक काढला नाही तर आंबेल.

सौ.ने माझ्या हातात बादली दिली. "आपला अर्धा घेऊन या."

गेलो. वहिनी गंजाशेजारी बसलेल्या. बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "भिजेल गहू कोणी वाटून घेते का भाऊजी? फुगला तो आता. तुमचा कोणता अन् आमचा कोणता? या, तुम्हीच निवडा."

मी गंजात वाकून पाहिलं. खरंच पाहिलं. वहिनींना हसू आलं होतं, त्यांनी ते पदराने पुसलं.

रिकामी बादली घेऊन परत. सौ.: "मग सोऱ्या मागायला येतील. सांगा, माहेरचा आहे, माझ्या हाताशिवाय जात नाही." पुन्हा तिकडे. वहिनी: "सांगा, सोऱ्या नको, सोऱ्यासंगं त्यायले पाठवा." पुन्हा इकडे. चौथ्या फेरीला शेरूनेही भुंकणं सोडलं.

शेवटी ठरलं ते असं. चीक वहिनी काढणार. उद्या पहाटे आमच्या गच्चीवर शिजवायचं, घालायचं. शेरू साखळीला. आणि बोलायचं नाही. हे शेवटचं कलम दोन्हीकडून, वेगवेगळं, एकाच शब्दांत आलं.

दुपारभर पलीकडे मिक्सर. सौ. दमीला मांडीवर घेऊन ऐकत होती. "एकटीच वाटून राह्यली. खांदा धरला होता तिचा मागच्या महिन्यात." मग थोड्या वेळाने, दमीलाच, "धरू दे."

२० एप्रिल, रवि.

अंगठा ठणकतोय, तरी लिहितो. असा दिवस परत येणार नाही.

पहाटे गच्चीवर शेगडी. वर गंज. एका बाजूला सौ., दुसऱ्या बाजूला वहिनी, मधे मी. दुभाषा म्हणून नेमणूक. दोघींत हातभर अंतर, भाषा एकच.

"यांना सांगा, आच जास्त झाली."

मी वळून, "वहिनी, आच..."

"आयकलं. सांगा, शेगडीची चावी त्यायच्याच बाजूनं आहे."

"मीठ किती टाकलं विचारा."

"सांगा, दरसाली टाकतो तेवढंच."

"दरसाली मी टाकते. त्या नुसत्या पाहतात."

हे सांगू की नको या विचारात मी क्षणभर थांबलो, आणि तिथेच घात झाला. उकळत्या पाण्यात एकीने चीक ओतायचा, दुसरीने त्याच वेळी हाटायचं. "ओता" माझ्यामार्फत गेलं, ते पोचेपर्यंत वेळ टळली. गुठळी. नारळाएवढी.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. सौ.: "हळू सांगता." वहिनी: "भाषण देल्यासारखं सांगतात." तीन दिवसांत पहिल्यांदा एकमत.

त्यापुढे मला वगळून काम सुरू झालं, पण शब्दाविना. एकीने भुवई उचलली की दुसरी ओतायची. एकीने नाक उडवलं की दुसरी थांबायची. पुढे गुठळी झाली नाही. वीस वर्षं सोबत काम केलं की तोंड हा अवयव जास्तीचा ठरतो.

मग सोऱ्या. सौ. दाबायची, वहिनी खाली जुनी साडी सरकवत जायच्या. पांढरी चक्राकार ओळ थेट टाकीपर्यंत. ऊन तापायच्या आत आटोपलं.

शेवटी गंजात राहिलेला गरम चीक वहिनींनी वाटीत काढला. वाटी माझ्याकडे केली. "दमीले द्या. मऊ आहे."

तिचं नाव त्यांनी गुरुवारनंतर पहिल्यांदा घेतलं. सौ.ने हे ऐकलं, मी तिच्याकडे बघत होतो.

वाटी खाली नेली. दमीने कॉलर वाटीवर पालथी घातली, वास घेतला आणि निघून गेली. मांजरीला राजकारण कळत नाही. वाटी परत भरलेली जाणं बरं दिसलं नसतं. सौ.ने कुणी पाहत नाही असं बघून स्वतःच चीक खाल्ला आणि वाटी घासून पाठवली. "सांगा, तिने खाल्ला."

सांगितलं. मीही काही हरिश्चंद्र नव्हे.

२१ एप्रिल, सोम.

कडक ऊन. कुरड्या वरून वाळल्या, आत ओल आहे. राखणीच्या पाळ्या लागल्या. सौ. उतरल्यावर वहिनी चढतात. जिन्यात समोरासमोर आल्या की एक भिंतीकडे तोंड करते. जिना अरुंद, दोघी तशा नाहीत.

दमीचा पाय अर्धा टेकतो. टेकवते, विचार करते, उचलते.

बंडूभाऊ: "पंडित, तुमची मांजर बरी आहे, आमचं कुत्रं बिमार पडलं. खाते ना पेते. भिंतीकडं तोंड करून बसते, रुसलेल्या जावयासारखं." म्हटलं, त्याला पश्चात्ताप झाला असेल. "पश्चात्ताप कायचा, शेपटी दिसत नाही ना आता."

दुसरी सुई घेतली. त्याच बाई. "बरी आहे का ती?" म्हणाल्या. पूर्ण दवाखान्याला माहीत झालं आहे.

सौ.ला विचारलं, नेमकं काय झालं म्हणजे तू बोलशील? तिने दमीची कॉलर सरळ केली. मग, "मांजरच तं आहे, हे तिनं मांगं घ्यावं." आणि तू म्हणालीस ते? "ते खरं होतं." मग, "पूर्ण खरं नव्हतं."

२२ एप्रिल, मंगळ.

दु. चारपर्यंत ऊन. मग अजिंठ्याच्या डोंगराकडून आभाळ आलं आणि आधी वारा सुटला. अवकाळी.

गच्चीवर पोचलो तेव्हा दोघी वर होत्या. साडीचं एक टोक हवेत, कुरड्यांसकट.

"मंगला! तिकडून धर वो! उडाली पाह्य माय!"

"तुम्ही सोडू नका आधी! शोभाताई, सोडू नका म्हटलं ना!"

"मी कुठं सोडून राह्यली! तूच ओढतं!"

"ओढत नाही, वारा आहे!"

सवयीने मी वळलो. "वहिनी, ती म्हणते..."

दोघी एकदम, "व्हा बाजूला!"

चार टोकं दोघींनी धरली आणि झोळी करून सगळ्या कुरड्या खाली, आमच्या बैठकीत. थेंब सुरू झाले तेव्हा दार लागलं होतं. काही मोडल्या. बाकी वाचल्या. दोघी भिंतीला टेकून धापा टाकत होत्या. वहिनींच्या केसांत कुरडईचा तुकडा. सौ.ने हात पुढे केला, मधेच मागे घेतला, पदर नीट केला. वहिनी घरी गेल्या.

रात्री जेवताना म्हटलं, बोललात की तुम्ही.

"ते बोलणं नव्हतं. ते वादळ होतं."

२३ एप्रिल, बुध.

आभाळ अजून गेलं नाही. गच्ची ओली. कुरड्या बैठकीत पसरल्या आहेत. जमिनीवर, दिवाणावर, माझ्या खुर्चीवर. वर पंखा. बातमी पाठवायची आहे, टेबलावरही कुरड्या, म्हणून स्टुलावर बसून हे लिहितोय. स्टूल दारात. का, ते पुढे.

वहिनी उलथायला आल्या. आपल्या कोणत्या आणि यांच्या कोणत्या हा प्रश्न कुणीच काढला नाही. दोघी दोन कोपऱ्यांतून सुरुवात करून मधे येताहेत, एकेक उचलून, पालथी घालून.

शेरू मागोमाग आला. बंडूभाऊंनी सकाळी साखळी काढली. म्हणे त्याचं तोंड बघवत नव्हतं. आत आला नाही. उंबऱ्याबाहेर बसला. दमी सौ.च्या शिलाई मशीनवर, कर्ण्यातून त्याच्याकडे बघत.

वहिनी: "भाऊजी, विचारा, दार लावू का?"

सौ. बराच वेळ कुरडईच उलथत राहिली. "सांगा, राहू द्या. गरम होते. तुम्ही मधे बसा म्हणा... तुम्ही म्हणजे तुम्ही." म्हणजे मी. म्हणून स्टूल.

आता दोघींत एका सुपाएवढं अंतर राहिलं आहे. वहिनी खाली बघत म्हणाल्या, "त्या दिवशी म्या जे म्हटलं..." आणि थांबल्या. हे मला उद्देशून नव्हतं. मी पुढे नेलं नाही.

सौ. म्हणाली, "मोडलेल्या येगळ्या ठेवा. त्या आधी तळू."

हेही माझ्यामार्फत नव्हतं. नोकरी गेली की काय. विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात

दमीने मशीनवरून एक पाय खाली सोडला आहे. दुखरा की बरा, कॉलरमुळे दिसत नाही. शेरूची हनुवटी उंबऱ्यावर आली. दोघींचे हात थांबले.

"हलू नका," सौ. म्हणाली.

"हलू नका," वहिनी म्हणाल्या.

दोघी मलाच. पेन तेवढं चालू