वकिलाचं वळण

२ मार्च

चि. गुंड्यास आत्याचे डाव्या हाताने आशीर्वाद.

उजवं मनगट मोडून तीन आठवडे झाले, हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायांसारखं. माझा कुत्रा तुला ठाऊकच आहे. ऊठसूट भुंकून वाद घालतो, म्हणून त्याला वकील म्हणते. त्याने औषधाच्या दुकानासमोर मांजर पाहिलं आणि मला फरपटत नेलं. शेजारीण म्हणते, देऊन टाका कुणाला तरी. द्यायला तो काय जुना पंखा आहे?

मदतीला तुझे बाबा येऊन राहिलेत. दादाने जन्मभर लोकांचे हिशेब तपासले. पट्टाही जप्तीचा माल असल्यासारखा धरतो. काल बागेत 'बस' म्हणून असा ओरडला की दोन म्हातारे दचकून बाकावर बसले. वकील उभाच.

तू ऑफिस सोडून कुत्र्यांना शिकवायला लागलास, तेव्हापासून दादाने तुझ्याशी अबोला धरलाय. लोकांना मात्र सांगतो, मुलगा 'वर्तन सल्लागार' आहे. तर सल्लागारसाहेब, सल्ला पाठवा. दादापुढे तुझं नाव काढणार नाही.

माया असू दे, निदान कुत्र्यावर तरी.

तुझी आत्या

७ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझ्या मनगटाचं वाचून वाईट वाटलं, म्हाताऱ्यांचं वाचून मुळीच नाही.

बाबांचं ओरडणं आधी बंद कर. एकदाच सांगायचं, तेही हळू. पट्टा ताणला की जागच्या जागी थांबायचं, सैल पडला की चालायचं. बसला की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. दुकानापासून आधी लांब उभं राहायचं, तिथे शांत राहिला तरच थोडं जवळ. बाबा ओढाओढ करतील, करू देऊ नकोस.

मी ऑफिस सोडलं तेव्हा ते म्हणाले होते, जा, फिर कुत्र्यांच्या मागे. आता स्वतःच फिरताहेत हे वाचून मी खूप हसलो. नंतर मात्र जेवण गेलं नाही.

हाताला जप. तुझा लोभ आहे, म्हणून माझं बरं चाललंय.

तुझा गुंड्या

२० मार्च

चि. गुंड्यास आशीर्वाद, आता दोन्ही हातांनी.

अंडं द्यायला दादा तयारच नव्हता. म्हणे, ही लाच झाली. मी सुनावलं, लाच कामाआधी देतात, पगार कामानंतर. दुसऱ्या दिवशी स्वतः अंडी उकडून त्याने सारख्या मापाचे तुकडे कापले!

काल औषधाच्या दुकानात ही गर्दी. एक बाळ रडत होतं, कुणाची तरी पिशवी फाटून डबे घरंगळले. वकील दादाच्या पायाशी बसून राहिला. दुकानदाराने विचारलं, कुणी शिकवलं? दादा म्हणाला, बहिणीने.

मग मला राहवेना. सगळ्यांसमोर सांगितलं, मला तर या कुत्र्याने रस्त्यात लोळवलं. शिकवणारा याचा मुलगा आहे, कुत्र्यांना वळण लावतो, सल्लागारबिल्लागार काही नाही. दादाचा चेहरा उतरला. घरी येऊन तुझा पत्ता मागितला, कशाला ते सांगितलं नाही. मी शब्द मोडला. रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी आत्या

२४ मार्च

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

कुत्र्याची प्रगती समाधानकारक आहे. तुझ्या सूचनांत एक त्रुटी आढळली. लिफ्टबद्दल काहीच नमूद नाही. दार उघडताच तो आत मुसंडी मारतो. काल खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई घाबरल्या. मी माफी मागितली. त्यांनी विचारलं, याला शिकवतं कोण? मी म्हणालो, माझा मुलगा, तो कुत्र्यांनाच शिकवतो. त्यांच्याकडेही कुत्रा आहे, म्हणून त्यांनी तुझा नंबर मागितला. तो माझ्याजवळ नव्हता. मुलाचा नंबर बापाजवळ नाही, हे परक्या बाईला सांगताना मान वर झाली नाही.

लिफ्टचं पत्रातून समजायचं नाही. रविवारी सकाळी ये. सकाळी लिफ्ट रिकामी असते, गर्दी होते ती संध्याकाळी. दोन्ही वेळा शिकवायचं, तेव्हा मधे जेवायला थांबावं लागेल.

लोभ असावा, असं लिहायचा हक्क मला उरला असेल, तर असावा.

बाबा