अकराला बंद गिरणी

३ फेब्रु., सोम. केदारखेडा
पुण्याहून मेल. एप्रिलपासून कायम घरून की कायम ऑफिसातून, पंधरा तारखेपर्यंत फॉर्म भरून कळवा. अधलंमधलं काही नाही. तीन वर्षं घरून काम करतेय, वाटलं विसरले असतील मला.
आई-अण्णांना सांगितलं. आई म्हणाली, "तुला जे आवडतं ते लिही की." तिथंच तर घोडं अडलंय.

५, बुध.
अकराची रोजची मीटिंग. पावणेअकराला अण्णांनी गिरणी बंद केली. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे गिरणी, ती चालू असली की पुण्याला माझं काही ऐकू जात नाही. तासभर बायका दळणाचे डबे घेऊन ओट्यावर कुजबुजत बसतात. आज हसल्या, तर अण्णांनी दटावलं, "हळू. ताई बोलून राह्यली." ते मात्र सगळ्या टीमनं ऐकलं. लाज वाटली. बरंही वाटलं.

६, गुरु.
शेजारच्या सुमनकाकू ओट्यावर ताटकळलेल्या. मी बाहेर आले तर, "झालं का? जल्दी उरकत जा माय, घरी पाव्हणे उपाशी हायेत."
अण्णांना म्हटलं, गिरणी चालू ठेवत जा, मी मोठ्यानं बोलेन. म्हणाले, "घसा बसंल तुझा."
इथं तरी खरं लिहू. मला ऑफिस आवडतं. काही अडलं की खुर्ची वळवून टीममधल्या मनीषाला विचारायचं, तिच्याशी भांडत चारचा चहा घ्यायचा. पण संध्याकाळी अण्णा कानातलं पीठ झटकत शेजारी येऊन बसतात, ते पुण्यात कुठून आणू?

७, शुक्र.
अण्णांना सरळ विचारलं. "आठ दिवस जाऊन बघ. तू पुण्याला गेल्तीस तवाबी गिरणी चालतच होती." एवढं बोलून दळणाकडे वळले.

९, रवि.
केदारखेड्याहून जालना, तिथून पुणे. आईच्या दशम्या. अण्णांचं पाच किलो पीठ. पुण्यात पीठ मिळतं म्हटलं, तर ऐकलंच नाही त्यांनी.

११, मंगळ. पुणे
मनीषाशेजारची खुर्ची मिळाली. दोन दिवसांचं अडलेलं काम तासात सुटलं. हसून हसून पोट दुखलं. घरी दिवसभरात मी इतकी हसत नाही, हे लिहिताना वाईट वाटतंय.
फॉर्मवर 'ऑफिस'पुढे खूण केली. पाठवला नाही.

१३, गुरु.
मीटिंग रद्द. अकराला घरी फोन केला. मागे गिरणीचा आवाज नाही.
"लाईट गेली का, अण्णा?"
"लाईट हाय की."
"मग गिरणी बंद का?"
"तुझी मीटिंग हाय ना आता."
"अण्णा, मी पुण्यात आहे."
मागून सुमनकाकू, "म्या सोमवारपासून सांगून राह्यले, ऐकतच न्हाईत."
"आसू दे," अण्णा म्हणाले. "सवय झाली. थांब, करतो चालू."
फोन त्यांनी ठेवला नाही, मीही नाही. गिरणी सुरू झाली. त्या आवाजात ते काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. परत विचारलं, ते त्यांना ऐकू गेलं नसणार.
फॉर्म समोर उघडा आहे. खूण आहे तिथंच. परवा पंधरा.