कार्ड का जळत होतं

प्रिय छकुले,

आईला जाऊन महिना झाला, तरी फोनवर तुझं एकच पालुपद: मी केलेलं यंत्र सारखं बंद पडलं, म्हणून तिचा हात सुधारला नाही. अगं, यंत्रात खोट नव्हती. जरा ऐक माझं.

अर्धांगानं तिचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा तू ते पाठवलंस. दांड्याला हात बांधायचा, मोटार फिरेल तसा हात फिरेल. पण मोटार चालवणारं कार्ड दोनदा जळलं. मी जन्मभर मोटारींचं वाइंडिंग केलं, तरी तुझ्या त्या नखाएवढ्या चिपांपुढे माझी अक्कल चालेना. तू नवं कार्ड पाठवायचीस आणि स्वतःलाच बोल लावायचीस.

मग एकदा लाइट गेली होती. खाली दुकानात चहा पीत बसलो होतो, तर वरून गिअरची घरघर. वीज नाही आणि यंत्र चालतंय? शिवाय मोटारीचा सूर एकसारखा असतो. हा अडखळत, दम खात येत होता. वर जाऊन बघतो, तर बाईसाहेब स्वतःच दांडा फिरवतायत. त्याच हातानं! चोरी पकडल्यासारख्या हसल्या. तेव्हा डोक्यात उजेड पडला. हातानं फिरवली की मोटारच वीज तयार करते, ती उलटी कार्डात शिरते आणि चिप जाळते. तिचा हात चालायला लागला, म्हणून कार्ड जळत होतं गं!

मी मध्ये रिले, म्हणजे आपोआप जोड तोडणारा स्विच, टाकला. यंत्र बंद केलं की मोटार कार्डापासून तुटायची आणि तिची वीज एका छोट्या बल्बला जायची. त्यानं दांडा जरा जड झाला, तर म्हणते कशी, आता लाइटबिलही माझ्याकडूनच वसूल करा! जीभ जड होती, टोमणा नव्हता. पुढे कार्ड मागवलं नाही, तर तुला वाटलं आम्ही यंत्रच सोडलं.

तेव्हाच का नाही सांगितलं, म्हणशील. तिनं शपथ घातली होती. तू सुट्टीत आलीस की समोर बसवून स्वतःच्या हातांनी तुझी वेणी घालायची आणि तुझं तोंड बघायचं, असा बेत होता. त्याआधीच दुसरा झटका आला. काल तिची गादी उचलली, तर खाली दुकानातली, वाइंडिंगवर गुंडाळायची सुती पट्टी सापडली, तीन पेडांत विणलेली. सोबत पाठवतोय. वरची वीतभर ढिली, वेडीवाकडी आहे. खालची घट्ट आहे.

तुझाच,
बाबा