दवा परत पाठवते आहे

शिरूर अनंतपाळ
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

चि. हनुमंत यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

हे लिहिताना तू मित्राला भेटायला लातूरला गेला आहेस, आणि वाचशील तेव्हा बंगळुरात तुझ्या घरी असशील. त्यामुळे खुशाली नेमकी कुठली कळवायची हा प्रश्नच आहे. तरी पद्धत मोडू नये म्हणून लिहिते की इकडे सर्व ठीक. माझी भावजय करिश्मा मजेत असो, भाच्याची, शिवमची परीक्षा चांगली जावो.

तुझी बॅग मी भरते आहे. शेंगदाण्याची चटणी दोन डब्यांत आहे, तिखटाचा डबा करिश्माला देऊ नकोस. तुरीची डाळ घरची. ज्वारीचं पीठ थोडंच घातलं, कारण केरबाच्या दुकानातून काटा आणून बॅग दोनदा तोलली. पंधरा किलोच्या वर गेलं की विमानवाले अडवतात, हे मला आता पाठ झालंय. पीठ कमी का घातलं, तर बॅगेच्या मधोमध तुला आणखी एक वस्तू सापडेल. ती बघून लगेच फोन करून ओरडू नकोस. आधी हे पत्र वाच.

तू आणलेल्या दोन बाटल्यांपैकी एक मी परत पाठवते आहे.

काळजी करू नकोस, नियम तुझ्याचकडून शिकले. पहिल्यांदा आबांची दवा आणलीस तेव्हा ओट्याशी उभा राहून मला सगळं समजावलं होतंस. हातातल्या बॅगेत चालत नाही, खाली जाणाऱ्या सामानात टाकायची. दुकानातली सीलबंद असेल तर हरकत नसते, फोडलेली मात्र घेत नाहीत. तोंडाला प्लास्टिक बांधायचं, कपड्यांत मधोमध ठेवायची, भोवती मोकळी जागा सोडायची नाही. आयुष्यभर ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला तू कापडाची घडी शिकवत होतास, तरी मी ऐकून घेतलं. तुला नांदेडच्या विमानतळावर सोडणाऱ्या मलप्पालाही सकाळी विचारून घेतलं. तो म्हणाला, "सील हाय ना आक्का? मग न्या बिनघोर. लोक लई नेत्यात."

सील आहे. त्याचीच तर गोष्ट सांगायची आहे.

आईनं त्या बाटलीला दवा म्हणायला लावलं, तेव्हापासून आपल्या घरात दारू हा शब्द कुणी उच्चारला नाही. आबा आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, स्टीलच्या पेल्यात थोडी घ्यायचे. शेंगा फोडत बसायचे. आई समोर बसून त्यांचा उद्धार करायची, आणि पेला रिकामा झाला की तीच उठून ताट वाढायची. तू कमवायला लागलास आणि वर्षाला एक चांगली बाटली यायला लागली. पण बापाच्या हातात मुलानं दारू द्यायची नाही, ही आपली रीत. तू स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे द्यायचास, "आबांची दवा" म्हणायचास. मी ज्वारीच्या कोठीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी आबा मला विचारायचे, "आणली का?" मी म्हणायची, आणली. तुमचं बापलेकांचं बोलणं इतकंच, आणि तेही माझ्या तोंडून.

आई गेल्यापासून आबांनी थेंब घेतलेला नाही.

हो. एकदा पेला काढला, शेंगा काढल्या, बसले. थोड्या वेळानं उठून पेला तसाच कोठीवर ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "वरडायला कुणी न्हाई, तर प्यायचं कशाला?" मी म्हटलं, मी ओरडते. म्हणाले, "तुला जमत न्हाई." तेव्हापासून तू आणलेली प्रत्येक बाटली कोठीत ज्वारीखाली उभी आहे, एकही फोडलेली नाही. दळणाला ज्वारी काढताना हाताला काच लागते. केरबाला दिल्या असत्या तर त्यानं पाय धुतले असते, पण आबा देऊ देत नाहीत.

तुला सांगायचं म्हटलं तर त्यालाही नाही म्हणाले. "त्याला सांगू नगंस. रिकाम्या हातानं कसं जावं म्हणून पोरगं लाजंल, आन् मग यायचंच ऱ्हाईल." मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरीच. पण या वेळी तू आलास आणि मला कळलं की त्यांचं गणित माझ्यापेक्षा बरोबर होतं.

मी तुला मेसेज काय केला होता, परत काढून बघ. "आबांची दवा संपत आली आहे. थोडं बोलायचंही आहे. सवड काढून ये." मी म्हणत होते ती गोळ्यांची गोष्ट. आबा गोळ्यांनाही दवाच म्हणतात, आणि त्यांच्या संगतीत मीही म्हणायला लागले. गोळ्या मला लातुरातही मिळाल्या असत्या, ते नुसतं निमित्त होतं. मला तू यायला हवा होतास, बोलायला. पण तू लांब राहतोस, तुझ्याकडे त्या शब्दाचा जुनाच अर्थ शिल्लक होता. तू पहिलं वाक्य वाचलंस आणि दोन बाटल्या घेऊन आलास.

चूक तुझी नाही, हे मी मान्य करते. पण त्या ओट्यावर ठेवताना जे म्हणालास ते तुझंच. "आक्का, या खेपेला दोन आणल्यात, म्हणजे पुढच्या साली धावपळ नको."

आबा दारातच होते. तू पाहिलं नाहीस, फोन वाजला म्हणून गच्चीवर गेलास. ते आत आले, दोन्ही बाटल्यांकडे बघितलं आणि मला विचारलं, "दोन का?" मग तेच म्हणाले, "म्हंजी पुढल्या साली येत न्हाई." आणि हात धुवायला गेले. त्या दिवशी ते जेवताना भाकरी कडक झाली म्हणाले. भाकरी कडक नव्हती.

दुसरी एक गोष्ट. तुझा तो निळा टी-शर्ट, कंपनीचं नाव असलेला, त्यात गुंडाळून तू मागच्या वर्षी बाटली आणली होतीस. बाटली कोठीत गेली आणि टी-शर्ट आबांनी घेतला. धोतरावर तो घालून ते बाजारात जातात. कुणी विचारलं नाही तरी सांगतात, "पोराच्या कंपनीचा हाय." त्याच्या आधीच्या वर्षीचा पंचा त्यांच्या अंगावर असतो, त्याच्या आधीची मफलर खुंटीला आहे. तू बाटली फुटू नये म्हणून जे जे गुंडाळलंस ते सगळं ते वापरतात, बाटली सोडून. आणि परवा त्यांना त्या टी-शर्टात बघून तू हसलास. "अजून आहे का हा? आक्का, मी फरशी पुसायला टाकला होता." आबाही हसले. काल मी धुतला, वाळला, घडी करून त्यांच्या उशाला ठेवला. त्यांनी आज घातला नाही.

हे सगळं तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. थोडंसं टोचावं म्हणून लिहिते. पण खरं बोलायचं ते अजून राहिलंच आहे. चार दिवस तू घरात होतास. चहा घेऊन मी तुझ्याकडे येत होते आणि तू हातानं खूण करत होतास की मीटिंग चालू आहे. हरकत नाही, काम आहे. आता लिहिते.

माझ्या पूनमचे दिवस भरत आलेत हे तुला माहीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी वरची खोली सारवून, बाजेची दोरी नवी करून ठेवली होती. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला. पलंगावरून उठायचं नाही म्हणाले. तिला सासू नाही, जावई सकाळी जातो तो अंधारून येतो. पोर पुण्यात एकटी छताकडे बघत पडून असते, आणि फोनवर मला म्हणते, "मम्मी, तू नको येऊस, आबांचं कोण करील?" मला एकच लेक आहे, हनुमंत. तिचा बाप असता तर मी कुणाला काही मागितलं नसतं.

आबांना एकटं ठेवता येत नाही. दिवाळीत ते न्हाणीत पडले होते, तुला पाय घसरला एवढंच सांगितलं. घसरला नव्हता, चक्कर आली होती. दोनदा गॅस चालू ठेवून पारावर गेले. त्यांना पुण्याला नेते म्हटलं तर म्हणाले, "लेकीच्या लेकीचं सासर त्ये. तिथलं पाणी मला चालंल का?" समजावून झालं, रुसून झालं. ते यायचे नाहीत. बंगळुराचं मी बोलत नाही, कारण तुम्ही दोघांनी त्यांना कधी चला म्हटलेलं मला आठवत नाही. म्हटलं असतं तर आले असते, हे माझं मत.

मी थकले आहे. हे वाक्य मी कुणालाच बोललेले नाही. मशीनवर बसले की पाय सुजतात, उठले की कंबर धरते, पण तसं ते सगळ्यांचंच असतं. मी थकले ती दोन माणसांच्या मधे उभं राहून. आबा मला सांगतात, मी तुला सांगायचं. तू मला देतोस, मी त्यांना द्यायचं. त्यांनी प्यायचं सोडलं हे लपवायचं, ते पडले हे लपवायचं, तू येणार नाहीस हे त्यांना कळलं तरी न कळल्यासारखं दाखवायचं. निरोप सांगणारं पोरसुद्धा कधीतरी घरी जातं.

तुझं ऑफिस चार दिवस आपल्या गच्चीवर चाललं. मी खाली बसून ऐकत होते. नेट गेलं नाही, कुणी तुला रागावलं नाही. मग तीन महिने का चालणार नाही, हे तू मला समजावून सांग. स्वयंपाकाला केरबाची बायको येईल, तिच्याशी मी बोलले आहे. तुला फक्त घरात असायचं आहे.

*

मधे उठावं लागलं. पाराकडे गेलेले आबा लवकर परतले. बॅग उघडीच होती आणि माझ्या हातात बाटली. लपवायला गेले, पण आता कुणापासून काय लपवायचं हेच लक्षात राहत नाही.

"काय करायलीस?"

मी म्हटलं, एक परत पाठवते आहे.

ते बॅगेपाशी आले. मला वाटलं रागावतील. मग विचारलं, "इमानतळाच्या मशिनीत दिसंल की."

"दिसली तरी चालते. सील आहे."

"आन् त्यो काय म्हनंल?"

"काय म्हणायचं ते इथं येऊन म्हणू दे."

ते खाली बसले. मी बाटली टॉवेलात गुंडाळत होते. त्यांनी ती माझ्याकडून घेतली आणि म्हणाले, "टावेलात फुटंल." मग डोक्याचा पटका सोडला. पहिल्यांदाच दिसावी तशी मला त्यांच्या डोक्यावरची केसं दिसली, अगदी विरळ झाली आहेत. आई गेली तेव्हाचे दिवस सोडले तर उघड्या डोक्यानं मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. त्यांनी पटक्याची लांब घडी केली आणि बाटलीला गळ्यापासून बुडापर्यंत पीळ देत गुंडाळलं, डोक्याला बांधतात तसंच. शेवट आत खोचला. म्हणाले, "आता कुठंबी आपटू दे."

मी म्हटलं, "आबा, उद्या तो निघताना वेशीपर्यंत जाल ना? उघड्या डोक्यानं?"

"मफलर हाय की त्याची."

म्हणजे उद्या सकाळी तुला ते मफलर बांधून दिसतील, म्हणजे आत्तापर्यंत दिसले असतील. पटका कुठे म्हणून तू विचारलं असशील की नाही, मला माहीत नाही. विचारलं असलंस तरी त्यांनी सांगितलं नसेल.

मी एक मार्चला पुण्याला जाणार आहे. तिकीट काढलं आहे. तू आलास तरी जाणार, नाही आलास तरी जाणार. हे धमकी म्हणून नाही, पोटच्या पोरीचं आहे म्हणून. तू नाही आलास तर आबा एकटे राहतील आणि फोनवर तुला सगळं ठीक आहे म्हणतील. या खेपेला ते तुझं तुलाच ऐकावं लागेल, मधे मी नसेन.

बाटलीचं सील फोडू नकोस. फोडलेली विमानात घेत नाहीत, तूच सांगितलं आहेस. आणि पटका धुवायला टाकू नकोस म्हणून मी म्हटलं असतं, पण आबा उंबऱ्यातून वळून म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. निरोप म्हणून हा माझा शेवटचा.

"म्हनावं, पटका पोस्टानं धाडू नगंस."

तुझी,
मधून बाजूला झालेली,
आक्का