सूनबाईसाठी इटालियन भिंत

३ मार्च, सोमवार
हॉटेल! स्वतःच्या आईचं घर असताना हॉटेल! लेकाचा फोन होता — "आई, घर लहान आहे, तिला अवघडल्यासारखं होईल. जेवायला येऊ की." लग्न तिकडे इटलीतच उरकलं, सुनेला मी फोनवर काय ती पाहिलेली. आता पहिल्यांदा येतायत, तर पाहुण्यांसारखं तोंड दाखवून जाणार. बघतेच! घरात पाऊल टाकल्याबरोबर पोरीला माहेरी आल्यासारखं वाटलं पाहिजे. मग कोण जातंय हॉटेलात!

५ मार्च
मोबाइलवर इटलीतल्या खेड्यांतली घरं बघत बसले. आपण जन्मभर भिंती गुळगुळीत करत राहिलो, आणि तिकडे खडबडीत भिंतीला मान! म्हणजे आमचं घर आधीच निम्मं इटालियन. यांना सांगितलं तर म्हणतात, "मग पोपडे पडलेत तिथे हात लावू नकोस." चेष्टा तेवढी सुचते.

९ मार्च, रविवार
चुन्यात पिवळी माती कालवून हॉल रंगवला — ब्रशने नाही, गोणपाटाच्या बोळ्याने. फळवाल्याची लाकडी खोकी घासून फळ्या केल्या. माळ्यावरची शिडी छताला आडवी टांगली आणि तिला तांब्याची भांडी अडकवली. हे स्टुलावर उभे राहून कुरकुरत होते, पण हुक मात्र पक्के बसवले. भंगारात गेलं असतं तेच सगळं वापरलं, आणि काय थाट आलाय!

१० मार्च
अंग ठणकतंय. भिंत मात्र बघत राहावी अशी.

१२ मार्च
धाकटी नणंद आली. "अहो वहिनी, घराचं गोडाऊन केलंत की!" जाताना खोक्यांच्या फळ्या कशा केल्या ते नीट विचारून गेली. जळते मेली!

१५ मार्च, शनिवार
आज माझी कमाल! फोटोंतल्या जुन्या भिंतींना भेगा असतात. मग आपल्याला का नको? छतापासून खिडकीपर्यंत एक भेग स्क्रू ड्रायव्हरने खरवडली, कडेने चहाचं पाणी फिरवलं, आत कापसाच्या काडीने काळा रंग. ज्याच्याकडून चुना आणला तो रंगारी आपले रिकामे डबे न्यायला आला, तो दारातच थबकला. "बाई, भिंत कधी खचली?" खोटी आहे म्हटलं तरी विश्वास बसेना, हात लावून बघितलं! हे म्हणाले, "आता आपल्यालाच हॉटेलात जावं लागेल." पण शेजाऱ्यांना बोलावून भेग दाखवली ती यांनीच. मी काही कमी नाही हं!

२० मार्च
उद्या येतायत. आतल्या पलंगावर नवी चादर घातली. दोन उशा.

२१ मार्च, शुक्रवार
काय लिहू! दोघं आली, बॅगा हॉटेलात ठेवूनच. सूनबाई हसत आत आली. भांडी बघितली, फळ्यांवरून हात फिरवला, लेकाला भराभर काहीतरी सांगत होती — कौतुकच असणार. माझी छाती फुगलेली. पाण्याचे पेले घेऊन मी पुढे झाले, तेवढ्यात तिची नजर भेगेवर गेली. पांढरीफटक पडली. किंचाळली, माझा दंड धरला आणि मला ओढत थेट रस्त्यावर! मी अनवाणी, पेले फुटले, सगळे शेजारी गॅलऱ्यांत. "अगं, खोटी आहे ती!" मी ओरडतेय, तिला कळतंय थोडंच! लेकाने धावत येऊन समजावलं. तरी माझा हात सोडेना. आत यायला तयारच नाही. शेवटी टॅक्सी केली आणि गेली दोघं हॉटेलात.

एवढी राबले, आणि पोरगी दोन मिनिटं टेकली नाही. एवढं काय ते घाबरायचं? रडूही येतंय आणि रागही. दंडावर तिची बोटं उमटलीत. भेग मात्र इटलीच्या माणसालाही खरी वाटली!

२२ मार्च
लेक सकाळीच एकटा आला. म्हणाला, "आई, हे तुला आधीच सांगायला हवं होतं." ती लहान असताना त्यांच्या गावात भूकंप झाला. भिंतीला अशीच भेग गेली. सगळे बाहेर पळाले, आजी आत राहिली.

काल नवरा तिच्या शेजारी उभा होता. त्याला तिने हाकही मारली नाही. आधी मला बाहेर काढलं.

चुना कालवलाय. भेग बुजली की मीच जाणार आहे तिला आणायला.