नोएमीचा स्नोबोर्ड आणि माझे गुडघे

आदरणीय सिस्टर क्लेलिया, आणि त्या काळ्या झग्याच्या आत अजून राहत असलेली माझी बालमैत्रीण फिओरेन्झा,

प्रभूची शांती तुला लाभो, आणि आधीच लाभली असेल तर त्यातली थोडी इकडे वर पाठव. तुझी कंबर कशी आहे? शाळेच्या दाराशी तुझी ती खुर्ची नेमकी वाऱ्यात ठेवली आहे, हे मी जूनमध्ये मांतोव्हाला आले तेव्हाच पाहिलं होतं. (मदरना सांग, एक जाड पडदा लावा म्हणून. तू सांगणार नाहीस, मला ठाऊक आहे.) माझं सगळं ठीक आहे, गुडघे सोडून. गुडघ्यांचं पुढे येईलच.

तुला माहीतच आहे, माझा इव्हान आणि सबीना वेगळे झाले आणि एप्रिलपासून नोएमी आईबरोबर तुमच्या शहरात राहते. माझी नात रोज सकाळी तुझ्यासमोरून आत जाते, एवढाच मला दिलासा. उन्हाळ्यात ती इकडे आली नाही, समुद्रावर गेली. पंधरा वर्षांच्या मुलीनं समुद्रावर जाऊ नये असं मी म्हणत नाही (म्हटलं, पण फक्त इव्हानला). ऑक्टोबरात मी फोनवर विचारलं, नाताळला येशील ना बाळ? तर म्हणाली, "बघते गं आजी. आणि माझा बोर्ड पण आता लहान झालाय." दुसरी कुणी आजी असती तर पहिल्या वाक्यावर रडत बसली असती. मी दुसरं वाक्य धरून बसले. कारण पहिल्यावर करण्यासारखं काही नव्हतं आणि दुसऱ्यावर होतं. मनाशी ठरवलं की तेरा डिसेंबरला, सांता लुचिया गाढवावरून पोरांना भेटी वाटत येते त्या सकाळी, तिला फोन करायचा आणि सांगायचं, अगं, सांता लुचियाचं गाढव चुकून जुन्याच पत्त्यावर आलं, तुझी भेट इथेच टाकून गेलं, आता न्यायला तुलाच यावं लागेल. ती काही आता गाढवावर विश्वास ठेवत नाही. पण स्नोबोर्डावर ठेवते.

तर बोर्ड कसला हवा, हे मी सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं. ती म्हणाली, त्यावरून उड्या मारता आल्या पाहिजेत, लोखंडी नळीवरून घसरता आलं पाहिजे, उलटं जाता आलं पाहिजे, आणि शिवाय अख्खा डोंगर वरपासून खालपर्यंत उतरता आला पाहिजे, बर्फ कसाही असो. म्हणजे एकच वस्तू, आणि तिनं सगळं करायचं. आपल्या वेळी बायका नवऱ्याकडूनसुद्धा एवढ्या अपेक्षा ठेवत नसत. (तू तर तो प्रश्नच ठेवला नाहीस. पण इथल्या मठाच्या मागच्या उतारावरून झगा वर खोचून लाकडी घसरगाडीवर तू जी खाली यायचीस, ती मला अजून दिसते. तुझा चेहरा तेव्हा जितका पवित्र दिसायचा तितका नंतर प्रार्थनेतही कधी दिसला नाही.)

मग मी बोर्तोलोच्या दुकानात गेले. बोर्तोलो तुला आठवेल. लहानपणी चर्चच्या गायकवृंदात बेसूर गायचा आणि वर आपल्यालाच बेसूर म्हणायचा, तोच. आता सत्तरीचा आहे, स्की विकतो आणि अजून ऐकवतो. मला वाटलं, आपण काही अडाणी नाही, मापं घेऊन जावं. आपल्याकडे स्कीचं माप कसं घेतात ते आईच्या दुधाबरोबर प्यायलोय आपण: माणूस सरळ उभा करायचा, हात वर करायला लावायचा, आणि तळहातापर्यंत लांबी धरायची. नोएमी इथे नाही, म्हणून मी इव्हानला स्वयंपाकघरात उभं केलं, हात वर करायला लावला, आणि त्यातून नोएमीपुरतं वजा केलं. आलं दोनशे सहा सेंटिमीटर. दुकानात चार गिऱ्हाईकं होती, त्यांच्यासमोर मी स्पष्ट आवाजात म्हटलं, पंधरा वर्षांच्या मुलीसाठी दोनशे सहाचा स्नोबोर्ड दाखव.

बोर्तोलोनं चष्मा काढला. "अगं ओर्सोला, नातीला द्यायचाय की ओढ्यावर पूल टाकायचाय?"

बोर्ड म्हणे हनुवटी आणि नाकाच्या मध्ये कुठेतरी यावा लागतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन. आता वजन मी कुठून आणू? त्या रात्री फोनवर, नीट जेवतेस ना, वजन किती भरतं, असं विचारलं तर तिकडून आधी "आजी, हे काय विचारणं झालं?" आणि मग "मला अभ्यास आहे." त्यानंतर आठवडाभर फोन नाही. फिओरेन्झा, तो आठवडा मी कसा काढला ते तुला सांगत नाही. तिला बोलवायला म्हणून निघाले होते आणि तिला दुखावून बसले, असंच वाटत होतं. शेवटी बोर्तोलो म्हणाला, अंदाजानं सांग. मी म्हटलं, पोलेंटाच्या, म्हणजे मक्याच्या पिठाची पंचवीस किलोची दोन पोती, त्यातलं एक थोडं सांडलेलं. त्यानं ते लिहून घेतलं.

पुढे सगळा प्रश्न कडकपणाचा. कडक बोर्ड वेगात स्थिर राहतो, पण उड्या मारताना वाकत नाही. मऊ बोर्ड छान वाकतो, पण उभ्या उतारावर थरथरतो. बोर्तोलोनं मला ते चीजच्या भाषेत समजावलं: दोन महिन्यांचं, वर्षाचं, तीन वर्षांचं, जितकं जुनं तितकं कडक. आपल्याला वर्षाचं हवं. मग आकार. मधोमध कमान, म्हणजे कडा बर्फाला धरतील, आणि दोन्ही टोकं होडीसारखी जरा उचललेली, म्हणजे पडताना माफ करतील. (माफ करतील, हा शब्द त्याचाच. मला फार आवडला. म्हटलं, असाच दे.) रुंदी पायाच्या मापाप्रमाणे, नाहीतर बुटांची टोकं बर्फात घासतात. पायाचं माप मला माहीत होतं, कारण मी दर वर्षी तिच्यासाठी मोजे विणते; ती ते घालत नाही, पण माप तर कळतं.

एवढं सगळं ठरलं आणि मी जरा निर्धास्त होऊन काउंटरशी उभी होते, तेवढ्यात बोर्तोलोनं मागून येऊन मला ढकललं. अगदी हलकेच, पण न सांगता. या लोकांची ही रीत आहे म्हणे: माणसाला बेसावध ढकलायचं आणि कुठला पाय आधी पुढे येतो ते बघायचं, तोच पाय बोर्डावर पुढे बांधायचा. माझा कुठलाच पाय पुढे आला नाही. आठ वर्षं सिस्टर्सच्या हाताखाली काढलेली बाई मी, संकट आलं तसे माझे दोन्ही गुडघे एकदम जमिनीला टेकले. शेजारची स्कीच्या काठ्यांची मांडणी माझ्यावर आली. बोर्तोलो काठ्या उचलता उचलता म्हणाला, "असा प्रकार काही पुस्तकात नाही." मी म्हटलं, आहे, पण ते पुस्तक तू वाचत नाहीस.

राहता राहिलं चित्र. त्या मापात, त्या कडकपणात दोनच बोर्ड होते. एकाच्या तळाला गुलाबी फुलं, जी नोएमी बघणारही नाही, आणि दुसऱ्याच्या तळाला दात विचकणारी कवटी. मी म्हटलं, सांता लुचियाच्या नावानं कवटी कशी द्यायची? त्यावर बोर्तोलो म्हणाला, "तुमची सांता लुचिया चर्चमधल्या चित्रात स्वतःचे काढलेले डोळे ताटलीत घेऊन उभी असते. ती आणि ही कवटी, दोघींचं छान जमेल." यावर काय म्हणायचं, तुला सुचलं तर कळव. कवटीच ठेवून घ्यायला सांगितली आहे.

घरी आल्यावर इव्हान सूप पिता पिता म्हणाला, "आई, बोर्डासाठी कुणी घरी येत नसतं." मी म्हटलं, लोक याहून कमी गोष्टींसाठीही येतात. त्यानं सूप संपवलं. पण बोर्तोलोकडून कळलं की यंदा इव्हाननं स्कीच्या उतारांवरच्या आपल्या साहेबांकडे स्वतःहून मागून घेतलंय: बर्फ सारखा करायचं यंत्र तो मोठ्या उतारावर नाही, पोरं उड्या मारतात त्या उतारावर चालवणार. काल त्यानं तिथे तीन टेकाडं रचली, मोडली आणि पुन्हा रचली. मी विचारलं नाही. आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसून एकाच माणसाची वाट बघतो आणि चीज कापतो.

आता पत्र आवरते. तुझ्या प्रार्थनेत आम्हाला जागा असू दे. सगळ्या सिस्टर्सना नमस्कार.

तुझी,
ओर्सोला

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. बोर्तोलोला बुटांचे पट्टे बसवायचे आहेत आणि नोएमीचा कुठला पाय पुढे असतो ते त्याला कळायला हवं. तिला विचारलं तर भेटीचं गुपित फुटेल. तू तिला रोज बघतेस. तेव्हा एखाद्या सकाळी, ती तुझ्यापुढून गेली की मागून तिला जरासं ढकल आणि पाय बघून ठेव. जिन्यावर नको. मदरनी बघितलं तर तोल गेला म्हण. तुझ्या वयात ते पाप धरत नाहीत.

ता. क. २. ढकलू नकोस. आत्ता इव्हान आला होता. मी विचारलं तर शेंगदाणे सोलावेत तसं सहज म्हणाला, "डावा. तिसऱ्या वर्षापासून डावा. मला विचारायचंस ना." शिवाय हा बोर्ड दोन्ही टोकांना अगदी सारखाच असतो म्हणे, कुठलाही पाय पुढे चालतो, पट्टे पाच मिनिटांत फिरवता येतात. म्हणजे माझा एक महिना आणि दोन गुडघे फुकट गेले.

ता. क. ३. पण मी तुला ओळखते, तू शेवटपर्यंत वाचायच्या आधीच सांगितलेलं करून मोकळी झाली असशील. तसं झालं असेल तर ती वळून बघेलच. तेव्हा तिला विचार, बोर्डाचं काही न बोलता, नाताळला घरी जाणार आहेस का गं? ती हो म्हणाली तर मदरची परवानगी घेऊन मला लगेच फोन कर. नाही म्हणाली तर फोन करू नकोस, पत्र लिही. डिसेंबरात आमच्याकडे टपाल फार हळू चढतं, वाट बघायला तेवढे दिवस मला मिळतील.